आईनं निवडलेलं इतिहासाचं पुस्तक

त्या वसंतात आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नव्हती. टेबलभर इतिहासाची पुस्तकं पसरलेली असायची, उघडी, उपडी, एकमेकांवर रेललेली, आणि आम्ही चौघं दिवाणखान्यातल्या गालिच्यावर जुनी चादर अंथरून जेवायचो. बाबा म्हणायचे, "पंगत बरी आहे, फक्त पत्रावळी आणा." अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, जॉर्जियातल्या अल्फारेटाचा वसंत म्हणजे पाइनचा पिवळा पराग. गाड्यांवर, पायऱ्यांवर, टपालाच्या पेटीवर कुणी हळद शिंपडून गेल्यासारखा तो बसतो. आईला खिडक्या बंद ठेवलेल्या आवडत नसत, त्यामुळे तो घरातही यायचा. पान उलटायच्या आधी ती ओढणीच्या टोकानं ते पुसायची, आणि मग चष्मा कपाळावर चढवून, पुस्तक अगदी नाकाशी धरून वाचायची. कुकरच्या शिट्ट्या तिला ऐकू यायच्या नाहीत. वरण खाली लागल्याचा वास आला की मी किंवा धाकटा भाऊ सारंग धावायचो. करपलेल्या वरणाची ती चव मला अजून आवडते, हे माझ्या नवऱ्याला कधीच समजावून सांगता आलेलं नाही.

आम्ही शाळेत जात नव्हतो. म्हणजे सुरुवातीला गेलो होतो. वर्ध्याहून आलो तेव्हा मी सात वर्षांची होते आणि सारंग पाच. मी लवकर रुळले. सारंगला शब्द अडायचे. मराठीत थोडे अडायचे, इंग्रजीत तर तोंडाच्या दाराशी येऊन थांबायचे. शाळेतल्या बाई वाईट नव्हत्या, पण वर्गाला उशीर होतो म्हणून त्याला कानावर हेडफोन लावून कोपऱ्यातल्या संगणकासमोर बसवायच्या. एक दिवस आई त्याला लवकर न्यायला गेली तर तो बंद पडद्यासमोर हेडफोन लावून बसलेला. तिनं त्याचा डबा उचलला, जॅकेट उचललं आणि त्याला घरी आणलं, ते कायमचं. मग मीही हट्ट धरला. बाबा हादरले होते. "विभा, लोक इथं मुलांना या शाळांसाठी आणतात," ते म्हणाले. आई म्हणाली, "मी शिकवीन. मला दुसरं काय काम आहे?" ते खरंच होतं. बाबांच्या व्हिसावर आलेल्या बायकोला तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती. आईनं इतिहासात एम.ए. केलं होतं, वर्ध्याच्या एका कॉलेजात ती शिकवायची, आणि इथं आल्यावर ती दिवसभर खिडकीतून शेजाऱ्यांच्या हिरवळी बघायची. मी आज हे मराठीत लिहू शकते, त्याचंही कारण तीच घरातली शाळा.

लोरेन आम्हाला शेंगांच्या गाडीशी भेटली. गावाबाहेरच्या रस्त्यावर एक माणूस मोठ्या पातेल्यात भुईमुगाच्या शेंगा उकडून विकायचा. आईनं पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तिनं बाबांना गाडी थांबवायला लावली. "अहो, उकडलेल्या शेंगा! इथं!" तिचे डोळे भरून आले होते. तिथंच उभ्याउभ्या ती शेंगा सोलून खायला लागली, टरफलं ओंजळीत धरून, आणि शेजारी उभी असलेली एक उंच, लाल चेहऱ्याची, पांढऱ्या केसांचा अंबाडा घातलेली बाई हसून म्हणाली, "हनी, अशा खाणारी बाहेरची माणसं मी पाहिली नाहीत. बाकीचे तोंड वाकडं करतात." आई म्हणाली, "मी बाहेरची नाही. शेंगांच्या बाबतीत तरी." लोरेनला हे इतकं आवडलं की ती पुढे कित्येक वर्षं प्रत्येकाला सांगायची. त्यांचं बोलणं अर्थात इंग्रजीतच व्हायचं. मी ते इथं मराठीत लिहिते आहे. लोरेन आईला 'व्हीबा' म्हणायची. आम्ही तिला दक्षिणेतल्या रीतीप्रमाणे मिस लोरेन म्हणायचो. तिला उशिरा झालेली एकच मुलगी होती, हॅना, माझ्याच वयाची, आणि तीही घरीच शिकत होती.

लोरेननं आईला ड्रायव्हिंग शिकवलं. चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आई तिच्या जुन्या, लांबलचक गाडीचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून बसायची, मागच्या सीटवर मी, हॅना आणि सारंग, आणि लोरेन शांतपणे म्हणायची, "ती भिंत कुठंही जाणार नाही, व्हीबा. तूच तिच्यापासून लांब राहा." सारंगशी बोलताना ती कधीही त्याचं वाक्य पुरं करायची नाही. तो अडला की ती भाजी चिरत राहायची, किंवा केस नीट करायची, जणू जगातला सगळा वेळ तिच्याकडे आहे. तिच्या स्वयंपाकघरात पीचच्या कॉबलरचा, म्हणजे फळांवर पिठाचा थर देऊन भाजलेल्या गोडाचा, आणि लोण्याचा वास असायचा. आई तिला बेसनाचे गोळे घातलेला विदर्भातला गोळाभात खायला घालायची, वरून लसणाच्या फोडणीचं तेल. लोरेनच्या नाकातून पाणी यायचं आणि ती म्हणायची, "आणखी थोडं." या देशात आईला काकू, मावशी म्हणणारे पुष्कळ होते, गणपतीला, दिवाळीला भेटायचे, पण सकाळी सहज फोन करून 'काय करतेस?' विचारणारी तेवढी एकच होती.

लोरेनमुळेच आम्ही त्या गटात गेलो. घरी शिकणाऱ्या मुलांच्या आया आठवड्यातून एकदा चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये जमायच्या. एक आई गणित घ्यायची, एक विज्ञानाचे प्रयोग करायची, एक चित्रकला शिकवायची. इतिहासाला कुणी नव्हतं. लोरेननं आईचं नाव सुचवलं. गटातल्या काही बायकांनी भुवया उंचावल्या असणार. आम्ही त्या चर्चचे नव्हतो, कुठल्याच चर्चचे नव्हतो. पण लोरेनचा शब्द तिथं चालायचा. आणि आई पहिल्याच तासापासून वेगळीच दिसायला लागली. घरातली आई मला ठाऊक होती. खडू हातात घेतलेली आई मी पहिल्यांदा पाहिली. ती तारखा सांगायची नाही. ती विचारायची, "त्या सकाळी त्या गावात वास कसला येत असेल?" मुलं डोळे मिटून सांगायची. घोड्याच्या लिदीचा. भाजलेल्या मक्याचा. ओल्या लाकडाचा. सगळ्यात पुढे नाओमी नावाची मुलगी बसायची, गटातल्या एकुलत्या एका काळ्या कुटुंबातली. ती आठ वर्षांची होती आणि तिला धीर नसायचा. "मग काय झालं? मिस व्हीबा, मग पुढे काय झालं?" आई हसायची आणि सांगायची. सारंग त्या वर्गात पहिल्यांदा आपण होऊन बोलला. 'रेन', पावसाचा वास, एवढाच शब्द होता, पण आईनं तो फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला.

गटाचं जुनं इतिहासाचं पुस्तक छापणं बंद झालं होतं. पुढच्या वर्षासाठी नवं निवडायचं होतं आणि ते काम गटानं आईवर सोपवलं. तुम्ही निवडा, आम्ही बैठकीत होकार देऊ, असं अध्यक्ष बाई म्हणाल्या. आईला झालेला आनंद मी कसा सांगू? ती गाडीत गुणगुणत होती. प्रकाशकांकडून नमुन्याची पुस्तकं मागवली गेली, खोकी आली, आणि आमचं टेबल गेलं.

त्यातलं एक पुस्तक गटातल्या सगळ्यांना आधीपासून आवडलेलं होतं. जाड, गुळगुळीत पानांचं, सुंदर रंगीत चित्रांचं. प्रत्येक धड्याच्या शेवटी एक छोटी प्रार्थना. आईनं ते आधी भारतावरच्या पानाशी उघडलं, तसं आपण सगळेच उघडतो. तिथं लिहिलं होतं की भारतातले लोक गाईची आणि नद्यांची पूजा करतात आणि अंधारात, भयात जगतात. ती मोठ्यानं हसली. "अहो, ऐका. आपण भयात जगतो म्हणे." बाबा सोफ्यावरून म्हणाले, "लोनचा हप्ता भरायच्या दिवशी जगतो की." आईनं पान उलटलं. मला राग आला होता. "आई, हे चूक आहे. तू सांग ना त्यांना." ती म्हणाली, "जाऊ दे गं. ते मी वर्गात सांगीन की नीट. एवढ्यावरून काय भांडायचं?" आज मला वाटतं, तिनं ते पान गिळलं. तिला लोरेन हवी होती, तो खडू हवा होता, आणि त्या बदल्यात एवढं गिळायला ती तयार होती.

मग एका दुपारी ती त्याच पुस्तकात पुढे गेली आणि थांबली. मी समोर भूमितीची गणितं करत होते. तिनं तेच पान पुन्हा वाचलं. मग मला म्हणाली, "हे जरा मोठ्यानं वाच." मी वाचलं. दक्षिणेतल्या शेतांवरच्या गुलामांविषयीचा धडा होता. बहुतेक मालक आपल्या कामगारांना चांगलं वागवत, त्यांना अन्न, कपडे आणि धर्म देत, आणि त्यातले पुष्कळ जण समाधानी होते, संध्याकाळी गाणी म्हणत, असं लिहिलं होतं. चित्रात एक बाई हसत कापूस वेचत होती. मी वाचून झाल्यावर आईनं विचारलं, "हे मी नाओमीसमोर कसं वाचू?" माझ्या उत्तराची वाट न पाहता तिनं ढिगाखालून दुसरं एक पुस्तक ओढलं. ते दिसायला अगदीच गरीब होतं, काळ्या-पांढऱ्या चित्रांचं, बारीक टायपाचं. पण त्यात त्या माणसांनी स्वतः सांगितलेलं होतं: कुणाची आई कुणाला विकली गेली, कुणी रात्री नदी कशी ओलांडली. आमच्याच भागातून चेरोकी या इथल्या मूळ रहिवाशांना कसं हाकलून दिलं, तेही होतं. आईनं ते दोन दिवसांत वाचून संपवलं आणि म्हणाली, "हे."

लोरेनला ती आधी सांगायला गेली नाही. लोरेनच आली, कॉबलर घेऊन. आईनं चहा टाकला आणि दोन्ही पुस्तकं तिच्यासमोर ठेवली. मी जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होते. लोरेननं चष्मा लावून दोन्हीतलं वाचलं. आईनं निवडलेलं पुस्तक ती बराच वेळ हातात धरून बसली.

"व्हीबा, हे लहान मुलांना फार जड आहे."

"नाओमीही लहानच आहे, लोरेन. तिला ते दुसरं जड होणार नाही का?"

लोरेननं पुस्तक खाली ठेवलं. "माझ्या आजीच्या आजोबांची शेती होती. तिथं माणसं होती, या धड्यातल्यासारखी. आजी मला मांडीवर घेऊन सांगायची, ती सगळी घरच्यासारखी होती, मोकळी होऊन गेली तेव्हा रडली. माझी आजी माझ्यासाठी सगळं जग होती. आता मी हॅनाला काय सांगू? ती खोटं बोलत होती म्हणून?"

"तिला जे सांगितलं गेलं ते तिनं सांगितलं असेल."

"म्हणजे तेच की." लोरेनचा आवाज चढला नव्हता, पण तिचे हात टेबलावरचा पराग उगाच पुसत होते. मग ती म्हणाली, "तुमच्याकडे सगळं चांगलंच होतं का, व्हीबा? तुमच्या घरात कुणी कुणाला कमी लेखलं नाही? ते सांगितलंस तू तुझ्या मुलांना?"

चहा उकळून वर आला आणि शेगडीवर सांडला. मी उठून गॅस बंद केला. मग आई म्हणाली, "नव्हतं सगळं चांगलं. आणि आमच्या पुस्तकांतही ते नव्हतं. मला ते फार उशिरा कळलं." लोरेन उठली. जाताना तिनं सारंगच्या डोक्यावरून हात फिरवला. कॉबलर तसंच ठेवून गेली.

त्या संध्याकाळी चादरीवर जेवायला बसलो तेव्हा आईनं पहिला घास घेतलाच नाही. ती म्हणाली, "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय." आणि तिनं सांगितलं, की वर्ध्याच्या त्यांच्या घरी मागच्या दाराशी, खिळ्याला एक कान तुटलेला कप टांगलेला असायचा. अंगण झाडायला, संडास धुवायला येणाऱ्या सुभद्राबाईंचा. त्यांना चहा त्याच कपात, वरून ओतायचा, कप त्यांनीच विसळायचा, त्यांनीच टांगायचा. "मीही ओतायची. तुझ्याएवढी होते. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती, आणि ती कधी आमच्या पुढच्या दारानं आली नाही. मला कुणी सांगितलं नाही की हे चूक आहे. इतिहास शिकवायला लागले तरी मला तो कप आठवला नव्हता."

"बट व्हाय, आई?" सारंगनं विचारलं. हे तीन शब्द तो न अडखळता बोलला. आई म्हणाली, "कारण आम्ही स्वतःला वरचे समजायचो. दुसरं काही कारण नाही."

बाबांनी ताट सरकवलं. "काय गरज होती आता? मुलांना कशाला हे? आणि त्या गटातही, विभा, ऐक माझं. आपलं ग्रीन कार्ड व्हायचंय. आपण इथं पाहुणे आहोत. पाहुण्यानं घराच्या भिंतींचे पोपडे मोजू नयेत." आई म्हणाली, "मुलं पाहुणी नाहीत ना पण. ती इथलीच होणार." बाबा वाईट नव्हते, घाबरलेले होते. माझ्या हातात माझं मूल आलं तेव्हा मला त्यांची भीती समजली.

बैठक तळघरातच झाली. घडीच्या खुर्च्या गोलात मांडल्या होत्या, कोपऱ्यात कॉफीचं मोठं भांडं गुरगुरत होतं. मी आणि हॅना स्वयंपाकघरात, वाढायच्या खिडकीमागे, कागदी पेल्यांत लिंबाचं सरबत ओतत होतो, त्यामुळे आम्हाला सगळं दिसत होतं. आईनं तिची निळी कॉटनची साडी नेसली होती. एरवी ती तिथं साडी नेसत नसे. कॉलेजात शिकवायची तेव्हाची ती साडी होती. ती उभी राहिली आणि दोन्ही पुस्तकांविषयी सरळ बोलली. रंगीत पुस्तकातलं काय चांगलं आहे तेही सांगितलं. मग म्हणाली, "माझ्या वर्गात मी मुलांना विचारते, तिथं वास कसला येत असेल. मुलं खरं सांगतात. या पानावर मी त्यांना तो प्रश्न विचारू शकणार नाही. ज्या पानावर मला प्रश्न विचारायची भीती वाटते, ते मी शिकवू शकणार नाही."

कुणीतरी म्हणालं की हे राजकारण आहे. कुणीतरी म्हणालं की प्रार्थना नसलेलं पुस्तक आम्ही कसं घ्यायचं. एका बाईनं अगदी गोड आवाजात म्हटलं, "तुम्ही इथं नव्या आहात, डिअर, तुम्हाला इथलं सगळं माहीत नसणार." मग अध्यक्ष बाईंनी नाओमीच्या आईकडे पाहिलं. मिस डेनीस मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती. ती म्हणाली, "मी बोलणार नाही. मी बोलले तर तुम्ही म्हणाल, डेनीस हेच बोलणार. मी फक्त तुम्ही हात वर कराल तेव्हा बघणार आहे."

आईच्या पुस्तकासाठी आधी विचारलं. आईचा हात, डेनीसचा हात, आणि विज्ञानाचे प्रयोग करणाऱ्या बाईंचा अर्धवट वर आलेला हात, जो पुन्हा खाली गेला. मग रंगीत पुस्तकासाठी. बहुतेक हात वर आले. लोरेनचा लगेच आला नाही. ती जमिनीकडे बघत होती. आई तिच्याकडे बघत होती. मला आठवतं, माझ्या शेजारी हॅनानं सरबताचा जग घट्ट धरला होता. मग लोरेनचा हात वर आला, फार उंच नाही, खांद्याइतकाच. आईनं मान हलवली, जसं कुणी रस्ता सांगितल्यावर आपण हलवतो. तिनं पुस्तकं पिशवीत भरली, सगळ्यांना थँक्यू म्हटलं, आणि आम्हाला हाक मारली. घरी येताना ती आमचं वळण चुकून पुढे गेली. तो रस्ता तिला लोरेननं शिकवला होता. गाडी एका बंद दुकानासमोर लावून ती काही वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसली. मग सारंग मागून म्हणाला, "आई, भ-भूक लागली," आणि तिनं गाडी वळवली.

आम्ही गट सोडला. डेनीसनंही सोडला. पुढचं वर्षभर नाओमी आमच्याकडे यायची आणि आई आम्हा तिघांना टेबलाशी बसवून ते काळं-पांढरं पुस्तक शिकवायची. ते तास चांगले होते, खोटं कशाला बोलू; पण आईच्या आवाजात काहीतरी कमी झालं होतं. फोन वाजला की ती वाक्य अर्धवट सोडून वळायची. तो दुसऱ्या कुणाचा असायचा. मग डेनीसच्या नवऱ्याची बदली टेक्सासला झाली. नाओमी आईच्या गळ्यात पडून रडली. त्या शरद ऋतूत आईनंच आम्हाला शाळेत घातलं. सारंग आता बोलायला लागला होता, अडत अडत का होईना, आणि मला मैत्रिणी हव्या होत्या. हॅना माझी मैत्रीण राहिली नव्हती. कुणी आम्हाला बोलू नका म्हटलं नव्हतं; आम्ही आमच्या आयांकडे पाहून ते शिकलो. पुढे आईला नोकरीची परवानगी मिळाली तेव्हा ती एका विमा कंपनीत कागद तपासायला जाऊ लागली. पुन्हा कधी तिनं कुणाला इतिहास शिकवला नाही. मी विचारलं तर म्हणायची, "विसरले गं आता सगळं."

लोरेन आम्हाला दिसायची. किराणा दुकानात एकदा दोघी दुधाच्या कपाटासमोर समोरासमोर आल्या. "कशी आहेस, व्हीबा?" "बरी आहे. तू?" "देवाची दया." दोघी एकमेकींच्या ट्रॉलीत बघत होत्या. मग लोरेन म्हणाली, "सारंग उंच झाला," आणि आई म्हणाली, "हो, फार." एवढंच. पुढे मी कॉलेजात असताना लोरेन गेली, कॅन्सरनं. आईला ते दफन होऊन गेल्यावर कळलं, ऑफिसातल्या कुणाकडून तरी, सहज बोलण्यातून. तिनं मला फोन केला आणि म्हणाली, "लोरेन गेली. मला कुणी सांगितलं नाही." मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "कोण सांगणार? मी कोण होते तिची?" आणि फोन ठेवला. बाबा सांगतात, त्या दिवशी तिनं गोळाभात केला, लसणाचं तेल केलं, आणि कुणालाच वाढलं नाही. झाकून ठेवलं.

गेल्या वर्षी मला हॅना भेटली. मी मुलाला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले होते, आणि तीही तिच्या दोन मुलग्यांना घेऊन आली होती. तिचे केस तिच्या आईसारखेच लवकर पांढरे झालेत. मी आधी तिच्या अंबाड्यालाच ओळखलं. तीही मुलांना घरीच शिकवते. आम्ही बराच वेळ गप्पा मारल्या, सावध, जशा फार जुन्या ओळखीच्या माणसांत होतात. मग तिनंच विषय काढला. "तुझ्या आईनं गट सोडल्यावर इतिहासाचा तास मॉमनं घेतला. तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं.

"त्या रंगीत पुस्तकातून. आणि तो धडा आला की ती पुस्तक मिटायची. म्हणायची, 'हे व्हीबानं नीट सांगितलं असतं, मला सांगता येत नाही.' आणि आम्हाला बाहेर खेळायला पाठवायची. ती स्वतः आत बसून राहायची. दर वर्षी. मी मोठी झाले तरी माझ्याशी ती त्याबद्दल कधी बोलली नाही. मी ते सगळं नंतर स्वतः वाचलं." मग तिच्या धाकट्याचं नाव पुकारलं आणि ती उठून गेली.

हे आईला सांगावं की नाही, यावर मी काही आठवडे घालवले. आई आता सत्तरीकडे आलेली, बाबांचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. शेवटी एका रविवारी तिच्याकडे गेले असताना सांगितलं. ती मेथी निवडत बसली होती. मी बोलत असताना तिचे हात चालूच होते, पान इकडे, काडी तिकडे. माझं सांगून झाल्यावर ते थांबले.

"दर वर्षी?"

"हो. हॅना म्हणाली तसं."

"माझं नाव घ्यायची?"

"हो."

बाहेर शेजाऱ्यांचं गवत कापायचं यंत्र चालू होतं. ते बंद झालं. मग आई म्हणाली, "मग एक फोन करायचा होता गं तिनं. मी काय दूर होते? दहा मिनिटांवर तर होते. गेले असते मी. दोघींनी मिळून शिकवलं असतं." तिनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले, मेथीची हिरवी काडी गालाला चिकटून राहिली.

मी तिच्या जवळ सरकले. तिनं माझा हात धरला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

"मी तरी कुठं केला," ती म्हणाली.